गाईचा फवारा मांजराला नको

भाद्रपद सरत येतो तेव्हा गोरेगाव तालुक्यातल्या बांध्यांमध्ये धान पोटरीत येतो आणि गोठ्यांमध्ये गोचीड दिसू लागतात. गाईच्या कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी, कानाच्या आत ते चिकटून बसतात. त्याच गोठ्याच्या दारात राखणीचा कुत्रा पसरलेला असतो, आणि आत धानाच्या पोत्यांवर उंदरांसाठी ठेवलेले मांजर. कुत्र्याच्या कानामागे गोचीड, मांजराच्या मानेवर पिसवा. घरात कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या तेलाची बाटली असतेच. गाईवर फवारा मारून झाला की उरलेला घोट कुत्र्याच्या अंगावर जातो, आणि कोणाच्या हातात सापडले तर मांजराच्याही. झाडपाल्याचेच तर आहे, त्याने काय होते, असा त्यामागचा साधा विचार असतो.

गाईच्या बाबतीत हा विचार बराचसा बरोबर आहे. कुत्र्याच्या बाबतीत तो अर्धा बरोबर आहे. मांजराच्या बाबतीत मात्र तो जिवावर बेतू शकतो. गोरेगावच्या गोठ्यातली ही सवय नेमकी तशीच पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही दिसते. तिथे फक्त बाटलीवर सुंदर चिठ्ठी असते, ‘हर्बल’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असते आणि किंमत पाचपट असते.

बाटली घरात आली कशी?

झाडपाल्याचे उपाय विदर्भात नवे नाहीत. पण गेल्या काही वर्षांत त्यांना जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यामागे लंपी आजाराचा मोठा वाटा आहे. जनावरांच्या त्वचेवर गाठी आणणारा हा विषाणूजन्य आजार देशात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. पुढच्याच वर्षी तो पूर्व विदर्भात पोहोचला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात होऊन त्याने महाराष्ट्रभर थैमान घातले. माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. त्यामुळे लसीकरणाबरोबर गोठ्यातले कीटक आवरणे हा सरकारी सूचनांचा भाग झाला. करंज, कडुनिंब आणि निलगिरीचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून जनावरांवर आणि गोठ्यात फवारावे, हा सल्ला तेव्हा गावोगाव पोहोचला. तो चुकीचा नव्हता. साबणामुळे तेल पाण्यात मिसळते, उग्र वासाने माश्या दूर राहतात आणि दुधात रासायनिक कीटकनाशकाचा अंश उतरण्याची भीती कमी होते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ म्हणजे एनडीडीबी तर कितीतरी आधीपासून पारंपरिक पशुउपचारांचा प्रसार करते आहे. गोचीड आणि इतर बाह्य परोपजीवींसाठी त्यांची एक ठरलेली कृती आहे: १० लसूण पाकळ्या, मूठभर कडुनिंबाचा पाला, मूठभर निंबोळ्या, १० ग्रॅम वेखंड, २० ग्रॅम हळद, मूठभर घाणेरीची पाने आणि मूठभर तुळस. सगळे वाटून लिटरभर पाण्यात मिसळायचे, गाळायचे आणि जनावराच्या अंगावर व गोठ्याच्या भेगांमध्ये फवारायचे. आठवड्यातून एकदा, गोचीड जाईपर्यंत. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये पशुआरोग्य व रोगनियंत्रण कार्यक्रमाला ३,८८० कोटी रुपयांची सुधारित मंजुरी दिली. त्यात ‘पशु औषधी’ हा नवा भाग जोडला आणि त्यासाठी ७५ कोटी रुपये ठेवले. स्वस्त जेनेरिक औषधांसोबत पारंपरिक पशुउपचारांच्या ज्ञानालाही उजाळा देण्याची भाषा त्या वेळी झाली. दूधउत्पादक छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे.

पण या सगळ्या सूचनांचा नायक गाय आहे. वरच्या कृतीत ‘जनावर’ हा शब्द येतो, तो मराठी शेतकऱ्याच्या अर्थाने: गाय, बैल, म्हैस. तीनशे किलोचे, रवंथ करणारे, जाड कातडीचे. कुत्र्या-मांजरांसाठी काय, किती आणि किती पातळ करून, हे त्या पत्रकांत कोणी सांगत नाही, कारण तो त्यांचा विषयच नाही. घरातले शहाणपण मात्र कृती उचलते आणि प्राणी बदलते. घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, तिची पाने पोटात गेली तर गुरांचेही यकृत बिघडते. लसूण कुत्र्याच्या आणि त्याहून अधिक मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. गाय अंग चाटते, पण ती आपल्या आकाराच्या मानाने थोडेच चाटते. मांजर दिवसाचा मोठा हिस्सा अंग चाटण्यात घालवते. मांजराच्या अंगावर लावलेले औषध म्हणजे थोड्या वेळाने त्याच्या पोटात गेलेले औषध, असे गृहीत धरूनच हिशोब करावा लागतो.

मांजराचे यकृत

यकृतात विषारी पदार्थ निष्प्रभ करण्याची एक मोठी वाट असते. माणूस, कुत्रा, गाय यांच्या यकृतात काही विकरे अशा पदार्थांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतात. त्यामुळे ते पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. मांजराच्या जातकुळीत ही वाट फार अरुंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींमधली विषे पचवण्याची गरज पडली नाही, म्हणून ही क्षमता क्षीण झाली असावी, असे मानले जाते. परिणाम साधा आहे. फिनॉल आणि त्याच्या नात्यातले पदार्थ, सुगंधी तेलांमधले अनेक घटक आणि पॅरासिटामॉलसारखे साधे औषधसुद्धा मांजराच्या शरीरात साचून राहते. माणसाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. घरात फरशी पुसायला वापरले जाणारे फिनाइल मांजराच्या पंजांना लागले तरी पशुवैद्यक का घाबरतात, तेही यावरून कळेल.

नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पिसूनाशकांचा परदेशात झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. अमेरिकेत पुदिना, दालचिनी, लवंग, गवती चहा अशा काही तेलांना कीटकनाशक म्हणून नोंदणी करण्यापासून सूट आहे. त्यामुळे ही तेले घातलेली उत्पादने सुरक्षिततेच्या चाचण्यांशिवाय दुकानात येऊ शकतात. प्राण्यांच्या विषबाधेची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केंद्राकडे २००६ ते २००८ या काळात आलेल्या अशा ४८ प्रकरणांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३९ मांजरे होती आणि ९ कुत्रे. ४८ पैकी ४४ प्राण्यांना काही ना काही त्रास झाला होता: बेचैनी, तोंडाला फेस, सुस्ती, उलट्या. बहुतेकांच्या मालकांनी बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच औषध वापरले होते. बरेच प्राणी नुसती आंघोळ घातल्यावर बरे झाले, काही वाचले नाहीत.

टी ट्री तेलाची कथा आणखी स्पष्ट आहे. शुद्ध टी ट्री तेल पोटात गेल्याच्या किंवा अंगावर लावल्याच्या घटनांचा २००२ ते २०१२ या दहा वर्षांचा हिशोब अमेरिकेत मांडला गेला. ४४३ कुत्री-मांजरे आजारी पडली होती, आणि दहातल्या जवळपास नऊ प्रकरणांत ते तेल अपघाताने सांडले नव्हते, मालकाने औषध म्हणून मुद्दाम लावले होते. त्याआधी १९९८ मध्ये पिसवा घालवण्यासाठी तीन मांजरांना हे तेल लावल्याची नोंद आहे. त्यातले एक मेले. आज हे तेल ऑनलाइन दुकानातून गोंदियातही दोन दिवसांत घरपोच येते.

अमेरिकेतले आकडे इथे तसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. पण गोंदियात हीच गोष्ट कमी घडते असे म्हणायलाही आधार नाही. इथे कोणी मोजतच नाही. रात्री लाळ गाळणारे, सकाळी मेलेले मांजर गावात सापडले तर ‘उंदराचे औषध खाल्ले असेल’ म्हणून ते बांधावर पुरले जाते.

कडुनिंब म्हणजे पाला की तेल?

कडुनिंबाबद्दल बोलताना एक घोळ कायम होतो. पाला, पाल्याचे पाणी, निंबोळीचा अर्क आणि बियांचे घाणीवर काढलेले तेल, या सगळ्यांना आपण ‘कडुनिंब’ म्हणतो. पण पाल्याच्या कोमट पाण्याने कुत्र्याला आंघोळ घालणे आणि बियांचे निर्भेळ तेल त्याच्या पाठीवर चोळणे यांत फार अंतर आहे. तेलात कीटकांवर परिणाम करणारा अझाडिरॅक्टिन हा घटक एकवटलेला असतो. त्याचे प्रमाण झाड, ऋतू, बी कसे सुकवले आणि तेल किती जुने यावर बदलते. एका घाणीचे तेल दुसरीच्या तिप्पट जहाल असू शकते, आणि बाटलीवर ते लिहिलेले नसते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियातल्या डॉक्टरांनी एक गंभीर निरीक्षण नोंदवले. तिथल्या काही कुटुंबांमध्ये किरकोळ तक्रारींवर घरगुती उपाय म्हणून तान्ह्या मुलांना कडुनिंबाच्या बियांचे तेल पाजले जात होते. त्यातल्या मुलांना उलट्या, गुंगी आणि झटके आले, यकृतावर परिणाम झाला, काही दगावली. तीन-चार किलोच्या बाळाला जे होते ते तीन किलोच्या मांजराला होणार नाही, असे समजायला काही कारण नाही. अर्ध्या किलोच्या पिल्लाचा तर प्रश्नच नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. प्रयोगशाळेत कडुनिंबाचा अर्क गोचिडांवर परिणाम करतो, याचे पुरावे आहेत. तो अंडी घालण्यावर, अंडी फुटण्यावर आणि अळीच्या वाढीवर घाला घालतो. म्हणजे तो पुढच्या पिढीचा शत्रू आहे. आज अंगावर बसून रक्त पिणारा गोचीड त्याने लगेच गळून पडेलच, असे नाही. गोठ्यात दर आठवड्याला फवारा मारून गोचिडांची एकूण संख्या घटवायची असेल, तर असा सावकाश काम करणारा उपाय चालतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र वेळ हाच मुख्य प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊच.

तंबाखू, सीताफळ, कापूर आणि रॉकेल

गोंदिया जिल्हा तेंदूपत्ता आणि बिडीचा. तंबाखूचा चुरा घरोघरी सहज मिळतो, आणि तो उकळून त्याचे पाणी कुत्र्याला चोपडणे हा जुना उपाय आहे. त्याने गोचीड मरतात, यात शंका नाही. निकोटीन हे निसर्गाने बनवलेले अत्यंत प्रभावी कीटकनाशक आहे. निकोटीन सल्फेट कित्येक दशके पिकांवर आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत वापरले गेले, आणि ते माणसांना व प्राण्यांना इतके घातक ठरले की भारतानेही त्याचा देशांतर्गत वापर बंद केला. ते कातडीतून थेट रक्तात जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना याच वाटेने चक्कर आणि उलट्यांचा त्रास होतो. कुत्र्याच्या पोटात दर किलो वजनामागे साधारण १ मिलिग्रॅम निकोटीन गेले तरी लक्षणे दिसू शकतात, ९ मिलिग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. चुलीवर उकळलेल्या काढ्यात किती मिलिग्रॅम उतरले, हे कोण मोजणार? ज्या पदार्थावर कारखान्यातून मोजून आलेला असतानाही बंदी घालावी लागली, तोच अंदाजपंचे बनवून प्राण्याला लावणे, याला नैसर्गिक उपचार म्हणणे धाडसाचे आहे.

सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी माणसेही वापरतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. डोके धुताना माणूस डोळे मिटून घेऊ शकतो, कुत्रा अंग झटकतो आणि पूड चहूकडे उडते. कापूर पोटात गेल्यावर झटके येतात. लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर त्याबद्दल कायम बजावत असतात. खोबरेल तेलात कापूर हे मिश्रण निरुपद्रवी वाटते, पण ते चाटायला गोड लागते, हीच त्यातली अडचण.

रॉकेल, जळके ऑइल आणि फिनाइल हे नैसर्गिक कोणत्याच अर्थाने नाहीत. तरीही ‘घरगुती’ या शब्दाच्या आडोशाने ते याच यादीत बसतात. त्यांनी कातडी भाजते, आणि चाटताना रॉकेलचा थेंब श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. ते वापरू नयेत.

उशिराची किंमत

विषबाधा हा धोक्याचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा कमी दिसतो आणि बहुधा अधिक कुत्र्यांचे प्राण घेतो: उपाय निरुपद्रवी आहे, पण काम करत नाही, आणि तोवर गोचिडाने रोग दिलेला असतो.

गाईवरचा गोचीड आणि कुत्र्यावरचा गोचीड या सहसा वेगळ्या जाती. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घराला चटावलेला आहे. तो पिल्लू असताना, मधल्या वयात आणि मोठा झाल्यावर, तिन्ही वेळा कुत्र्याचेच रक्त पिऊ शकतो, आणि दोन जेवणांच्या मध्ये खाली उतरून भिंतीच्या भेगेत, कौलाखालच्या वाशात, खाटेच्या सांध्यात जाऊन बसतो. मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि मरते. कुत्रा मिळाला नाही तरी हे गोचीड महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. पिसवांचे गणितही असेच आहे. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्के. बाकीच्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात पोत्यांत, गोधडीत, जमिनीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. अंगाला तेल चोळून या ९५ टक्क्यांना काही होत नाही.

तपकिरी गोचिडातून कुत्र्याला एर्लिकियोसिस होतो. त्याला बोलीत नुसता ‘गोचीड ताप’ म्हणतात. गोचीड चिकटल्यानंतर काही तासांतच त्याचे जंतू कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतात. एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रा खाणे सोडतो, गाठी सुजतात. मग अनेकदा तो आपोआप बरा झाल्यासारखा दिसतो. याच टप्प्यावर घरातले म्हणतात, तेलाने गुण आला. जंतू मात्र शरीरात लपून राहतात. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, रक्त गोठवणाऱ्या पेशी ढासळतात. नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि तेव्हा हाताशी फारसे काही उरत नाही. पहिल्या टप्प्यात हाच आजार डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त औषधाच्या साधारण चार आठवड्यांच्या कोर्सने बरा होतो. बॅबेसियोसिसमध्ये लघवी गडद होते, कावीळ दिसते. तिथे तर दिवसांचा हिशोब असतो.

माणसांसाठीही गोचीड हा दुर्लक्ष करण्याजोगा विषय नाही. कर्नाटकात १९५७ मध्ये सापडलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला, तो गोचिडांमार्फतच. क्रायमिन-काँगो ताप भारतात प्रथम २०११ मध्ये गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात उघड झाला. त्याच्या भीतीने २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीच्या सूचना काढल्या होत्या. हे दोन्ही आजार जंगलातल्या आणि गुरांवरच्या गोचिडांशी जोडलेले आहेत, आणि त्यांच्या नोंदी गोंदियापासून दूरच्या आहेत. त्यामुळे घरातल्या कुत्र्याला घाबरून हाकलण्याचे कारण नाही. मात्र गुराच्या अंगावरचा गोचीड बोटांनी ओढून नखावर चिरडण्याची जी सवय गावोगाव आहे, ती याच आजारांमुळे मोडायला हवी. त्याच्या पोटातले रक्त बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शकते.

रासायनिकही निर्धोक नाही

एवढे वाचून कोणी थेट कृषी केंद्रात जाऊन फवारणीची बाटली आणेल, तर ते आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होईल. पिकासाठी असलेले कीटकनाशक प्राण्यावर वापरण्याची सवय धानपट्ट्यात आहेच. ही औषधे फवारणाऱ्या माणसाचेही काय करतात, हे विदर्भाने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिले आहे. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्या हंगामात दगावले.

गुरांसाठी मिळणारी सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिनची द्रावणे पाण्यात मोजून घातली तर गाईला चालतात. हीच औषधे आणि त्यांच्या कुळातले परमेथ्रिन मांजराला मारक आहे. गंमत अशी की या कुळाचा मूळपुरुष पायरेथ्रम हा एका शेवंतीवर्गीय फुलातून काढला जातो. म्हणजे ‘फुलांपासून बनवलेले’ असे बाटलीवर लिहिले असले तरी आत याच कुळातला पदार्थ असू शकतो. कुत्र्यासाठीचे मानेवर टाकायचे थेंब मांजरावर टाकले, म्हणून अंग थरथरून झटके आलेली मांजरे जगभरच्या पशुवैद्यकांना ठाऊक आहेत. कुत्र्या-मांजरांच्या अशाच थेंबांबद्दलच्या तक्रारी वाढल्यामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला २००९ मध्ये त्यांची तपासणी हाती घ्यावी लागली. पिसू-गोचिडांवरच्या नव्या, अतिशय परिणामकारक चघळायच्या गोळ्यांबद्दलही तिथल्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला की काही प्राण्यांना त्यातून झटके येऊ शकतात. ज्या कुत्र्याला फेफऱ्याचा इतिहास आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरला आधी सांगायला हवी.

शिवाय जुनी रसायने बोथट होत आहेत. गुरांवरच्या गोचिडांमध्ये डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला दाद न देण्याची शक्ती आल्याचे देशाच्या अनेक भागांतून नोंदले गेले आहे. कडुनिंब आणि करंजावरचे संशोधन म्हणूनच वाया जाणारे नाही. त्याची गरज खरीच आहे. प्रश्न इतकाच की नव्या गोळीच्या पाकिटावर निदान वजनाचा गट, वय आणि कोणत्या प्राण्याला देऊ नये हे छापलेले असते. त्या गोळीचे दुष्परिणाम आपल्याला माहीत आहेत, कारण ते कोणीतरी मोजले. हर्बल बाटलीचे दुष्परिणाम आपल्याला माहीत नाहीत, आणि त्यालाच आपण सुरक्षितता समजतो.

यात पैशाचा भाग मोठा आहे. गोरेगावसारख्या तालुक्यात कुत्रा बहुतेक घरांत पोसलेला असतो, पाळलेला नसतो. गाय दूध देते म्हणून तिच्यावर खर्च होतो. कुत्र्यासाठी दर महिन्याला काही शे रुपयांची गोळी आणणे घरखर्चात बसत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडणही गुराढोरांभोवतीच झालेली आहे. पाळीव प्राण्यांची खास तपासणी हवी तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागते. तेव्हा ‘डॉक्टरला विचारा’ एवढे सांगून मोकळे होणे सोपे आहे, उपयोगाचे नाही.

खर्चाविना काय होते

सुदैवाने ज्या गोष्टी खरोखर काम करतात, त्यातल्या बऱ्याच फुकट आहेत. बारीक दातांची फणी, म्हणजे उवांसाठी असते तीच, रोज मांजराच्या आणि कुत्र्याच्या अंगावरून फिरवून साबणाच्या पाण्यात बुडवली तर पिसवा बुडून मरतात. मांजराच्या आणि लहान पिल्लांच्या बाबतीत यापेक्षा सुरक्षित उपाय नाही. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावा. त्यावर रॉकेल ओतू नये, उदबत्तीचा चटका देऊ नये. पावसाळ्यात आणि नंतरचे दोन महिने ही तपासणी रोज हवी: कान, बोटांमधल्या खाचा, गळपट्ट्याखालची जागा.

प्राण्याच्या अंगापेक्षा त्याच्या जागेवर अधिक मेहनत घ्यावी. बसायचे पोते उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे किंवा सरळ जाळून नवे घ्यावे. भिंतीच्या भेगा लिंपाव्यात, चुना मारावा. झाडपाल्याचा फवारा जिथे शोभतो ती जागा हीच: भेगा, कोपरे, गोठ्याची जमीन. तो मारताना मांजर आणि पिल्ले बाहेर काढावीत आणि जागा पूर्ण वाळल्यावरच आत घ्यावीत. गाईवर फवारा मारल्यावर ती वाळेपर्यंत मांजर तिच्याजवळ झोपणार नाही, हेही बघावे. दूध काढण्याआधी कास स्वच्छ धुवावी. निरोगी, मोठ्या कुत्र्याला कडुनिंबाच्या पाल्याच्या गार केलेल्या पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही. डोळे सांभाळावेत, आणि तो गोचिडांवरचा पुरता इलाज आहे असे समजू नये. निर्भेळ तेल कोणत्याच कुत्र्या-मांजराला लावू नये.

चूक होऊन गेलीच असेल, म्हणजे तेल किंवा काढा लावल्यावर प्राणी लाळ गाळू लागला, अडखळू लागला, थरथरू लागला, तर भांडी घासायच्या द्रवरूप साबणाने आणि कोमट पाण्याने त्याला लगेच धुवावे. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. धुतल्यावर कोरडे करून उबेत गुंडाळावे, कारण अशा अवस्थेत अंग झपाट्याने गार पडते. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, तेलकट पदार्थ फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नये. झटके येत असतील तर तोंडात हात घालू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना जे लावले त्याची बाटली, पुडी किंवा उरलेला काढा सोबत न्यावा. दवाखाना लांब असेल तर पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक आहे. तो गुरांसाठी प्रसिद्ध असला तरी फोनवर पहिला सल्ला विचारायला हरकत नाही. काय लावले हे सांगताना लाजू नये. उपचार करणाऱ्याला त्या क्षणी सगळ्यात आधी तेच कळायला हवे असते.